प्रतिसाद: रूमेनमध्ये संप्रेरके तयार होतात का?

रूमेन, म्हणजे रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटातला पहिला व सर्वांत मोठा कप्पा, एवढे अवाढव्य असताना पचनाची बहुतेक संप्रेरके (हार्मोन्स) तिथेच स्रवत असावीत, हा चर्चेत मांडलेला तर्क स्वाभाविक असला तरी पेशींची मांडणी त्याला दुजोरा देत नाही. हरीण असो वा गवा, रूमेन, रेटिक्युलम आणि ओमॅसम या तिन्ही कप्प्यांचे अस्तर बहुस्तरीय व ग्रंथिविरहित असते. संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी आढळतात त्या ॲबोमॅसम, म्हणजे खऱ्या जठरापासून पुढे. सह्याद्रीतल्या पिसोरी या छोट्या, हरणासारख्या प्राण्याच्या कुळात तर ओमॅसमची नीट वाढच झालेली नसते, तरी हा नियम बदलत नाही. या संप्रेरकांपैकी गॅस्ट्रिनच्या पेशी ॲबोमॅसमच्या शेवटच्या, आतड्याकडील भागात एकवटतात, सिक्रेटिन व कोलेसिस्टोकायनिनच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला, तर सेरोटोनिनच्या जठरापासून मोठ्या आतड्यापर्यंत विखुरलेल्या असतात.

चर्चेत न आलेली एक अडचण नमुन्यांची आहे. या पेशी एकेकट्या विखुरलेल्या असल्याने सूक्ष्मदर्शकासाठी नमुना साध्या पद्धतीने रंगवला तर सहज हुकतात. चांदीच्या क्षारांनी रंगवल्यावर मात्र आतड्यातली पेशी सुरईसारखी, अरुंद मानेने पोकळीपर्यंत पोहोचलेली आणि बुडाशी काळसर कणांनी भरलेली दिसते. नेमके संप्रेरक ओळखायला प्रतिपिंडांचाच (ठरावीक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रथिनांचाच) आधार घ्यावा लागतो. पण प्राणी मेल्यावर आतड्याचे अस्तर फार लवकर विरघळू लागते, त्यामुळे जंगलात उशिरा सापडलेल्या मृत चितळाचा तुकडा फॉर्मॅलिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावात टाकून फारसे काही हाती लागत नाही, आणि अशा नमुन्यात पेशी कमी दिसल्या म्हणून मुळात त्या प्रजातीतच त्या कमी असतात, असा निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते.