पिकअप मागून दोन इंच खाली घ्यायचीय

मार्केट यार्डात भाजी वाहतो. रिकामी गाडी मागून उंच राहते, क्रेट चढवताना खांदे जातात. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) अ‍ॅक्सलच्या वर आहेत. ब्लॉक (पाटे आणि अ‍ॅक्सलच्या मधला ठोकळा) टाकू की पाटे काढू?

– दादा, पाटे वर असताना ब्लॉक टाकलात तर गाडी आणखी वर जाईल! ब्लॉकने खाली येते ती पाटे अ‍ॅक्सलखाली असलेली. पाटे काढलेत तर भरल्या गाडीने दिवे घाट उतरून बघाच. कमी कमानीचे पाटे करून घ्या. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घाला, तिथे कंजुषी नको.

– मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजन बघून ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा) आहे का? उंची घटली की त्याला गाडी भरलेली वाटते. रिकाम्या गाडीची मागची चाकं पावसात लॉक होतील. व्हॉल्व्हची दांडी परत सेट करा.

– आणि पासिंग? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) बघा आधी.