शिवसागरला (कोयना बॅकवॉटर) गळ टाकायला कुठं आणि कधी जावं? वडिलांना घेऊन जायचंय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. आमचं मूळ गाव जावळी तालुक्यातलं, कोयनेच्या धरणात गेलं. आण्णा तेव्हा १०-११ वर्षांचे होते, आता ७५ पूर्ण झालेत. पुनर्वसनात इकडं आल्यापासून त्यांचा सगळा गळ कृष्णेवर, भिलवडीपासून अंकलीपर्यंत एक घाट सोडला नसेल त्यांनी, पण आता नदीला मगरी वाढल्यात आणि त्यात त्यांचे गुडघे, म्हणून गेली चार वर्षं मीच त्यांना काठाला बसू देत नाही. मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाले, एकदा वर आपल्या पाण्यावर गळ टाकायचाय. माणसानं आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं नाही, त्यामुळं हे नीट व्हायला पाहिजे.

काठावरच्या गावांत तापोळा बरं की बामणोली? महिना कुठला? परवानगी कुणाची लागते? नदीत आम्हाला धार बघून कळतं कुठं बसायचं, इथं ५० किलोमीटर लांब पाणी पसरलंय, सगळीकडं सारखंच दिसतंय, माणसानं बसायचं कुठं? सामानात एक रीळवाली दांडी माझी, आण्णांची जुनी बांबूची, तंगूस (गळाची नायलॉन दोरी), पाण्यावर तरंगायला मोरपिसाच्या काड्या. आमिष गांडूळ आणि कणकेच्या गोळ्या.

जावळीकर
दादा, पहिलं परवानगीचं सांगतो कारण आम्ही एकदा फसलोय. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, बामणोलीसमोरचा वासोटा किल्ल्याकडचा काठ त्यातच येतो, तिकडं गळ टाकायचा नाही म्हणजे नाही. आम्ही लाँचवाल्याच्या भरवशावर पलीकडं उतरलो आणि सामान उघडायच्या आत अडवलं आम्हाला. चूक आमचीच, विचारलं नव्हतं. बामणोलीत वनखात्याचं ऑफिस आहे, तिथं हद्द कुठून कुठपर्यंत ते तोंडावर विचारून घ्या. दुसरं म्हणजे धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थांकडं असतो, रोहू कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) तेच विकत आणून सोडतात, कारण ह्या माशांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात ते धड विणत नाहीत. म्हणजे तो मासा कुणीतरी पैसे घालून सोडलेला असतो, तेव्हा काठावर जाळं सुकवत बसलेल्या माणसाला राम राम घालायचा, आम्ही दोन गळ घेऊन आलोय म्हणून सांगायचं, पावती असेल तर फाडायची. वडील सोबत आहेत, गाव पाण्यात गेलंय म्हटल्यावर तेच तुम्हाला जागा दाखवतील, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं पण गेलंय.

आता जागा. पाणी वरून सारखं दिसतं पण खाली सगळं तसंच आहे, नदी, ओढे, शेतांचे बांध, विहिरी. मासा सपाट वावरावर थांबत नाही, तो जुन्या ओढ्याच्या खाचेत आणि नदीच्या डोहात थांबतो आणि चरायला तिथनं काठाला येतो. आम्ही मे महिन्यात पाणी उतरल्यावर बघून ठेवतो ओढा कुठनं उतरतोय, बांधाचं टोक कुठं संपतंय, आणि मग पाणी भरल्यावर त्याच अंदाजानं टाकतो. तुम्हाला तर हे बघायची पण गरज नाही. तुमच्या आण्णांनाच विचारा की ओढा कुठून यायचा, डोह कुठला होता, पोहायला कुठं जायचे. त्या पाण्याचा तळ बघितलेली माणसं आता किती उरलीत? एवढी माहिती कुठल्याच मशीनवर मिळायची नाही.

कराडचा_गळवाला
जावळीकरांनी जागेचं सांगितलं, मी वेळेचं सांगतो. पावसाळ्यात पेपरात रोज कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस आणि धरणात किती टीएमसी ते येतं ना, ते वाचायची सवय लावा. १०५ टीएमसीचं धरण, भरत आलं की काठच्या गवतात पाणी शिरतं, किडे गांडुळं वर येतात आणि मासा पार उथळात येतो. म्हणून गणपती नवरात्र उरकल्यावर ऑक्टोबर ते नोव्हेंबर अर्धा, हा माझा पहिला नंबर. फक्त कास पठारावर फुलांची गर्दी असेपर्यंत शनिवार रविवार टाळा, बामणोलीचा रस्ता तिथूनच जातो आणि दोन दोन तास गाडी हलत नाही.

डिसेंबर जानेवारीत पाणी गार, मासा सुस्त, पहाटे जाऊन काही उपयोग नाही, ऊन चढल्यावर १०-११ नंतर काठाजवळ जरा हलचाल असते. मार्च ते मे पाणी उतरत जातं, मासा कमी जागेत गोळा होतो, पण दुपारी वरचं पाणी तापतं म्हणून तो खाली जातो, तेव्हा तांबडं फुटायच्या आधी बसा आणि नऊला उठा, परत संध्याकाळी पाचनंतर. वळीव पडला की दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाला मासा हमखास असतो, पण ढग गडगडला की दांड्या खाली ठेवून गाडीत बसायचं, कार्बनची दांडी उभी धरून पाण्याकाठी थांबू नका.

जून जुलै नाही. पहिल्या पावसाला चढणीचा मासा पोटात गाभोळी घेऊन ओढ्यानं वर निघालेला असतो, तो धरायचा नसतो. आणि खडस (महसीर मासा) लागला तर कधीही लागू दे, हात ओले करून गळ काढा आणि पाण्यात धरून ठेवा, शेपटी मारून स्वतः निघून जाईपर्यंत. माझ्या हातातनं एक गेलाय असा, अंगावर एकेक खवला तांब्याच्या पैशासारखा आणि कल्ले उघडतायत मिटतायत, मग एकदम ताकद आली त्याला आणि मनगटाला हिसका देऊन गेला. पंधरा वर्षं झाली, अजून मनगटाला कळतंय.

काडीची उंची महत्त्वाची. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधे, मृगळ तळाला. तोंडच बघा ना, कटल्याचं वरच्या बाजूला वळलेलं, मृगळाचं खाली. कणकेत थोडी शेंगपेंड आणि भाताचा कोंडा मिसळा, गोळी हरभऱ्याएवढी. गांडूळ लावलं तर चिलापी आणि शिंगटा येणार, शिंगट्याचा काटा सांभाळा.

वाईकर
माझं जरा वेगळं मत आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बॅकवॉटरचा उतार झेपत नाही. पाणी उतरलेलं असताना रस्त्यापासून काठापर्यंत बरंच खाली जावं लागतं, आणि गाळ वरून सुकून भेगाळलेला दिसतो पण पाण्याजवळच्या शेवटच्या दहा पावलांत पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. माझ्या मामांना दोघांनी ओढून काढलंय, चप्पल तिथंच राहिली. काठीनं टोचत टोचत पुढं जायचं. शिवाय बांधांच्या पायऱ्या पाण्याखाली आहेत, गुडघाभर पाणी आणि पुढचं पाऊल थेट पुरुषभर, त्यामुळं पाण्यात उतरून दांडी टाकायची नाही. नुसता मासाच पाहिजे असेल तर आमचं धोम धरण बघा, रस्ता जवळ आहे, खुर्ची टाकून बसता येतं.

कृष्णाकाठ
वाईकर दादा, धोमचं मनापासून सांगितलंत, पण त्यांना मासा नकोय हो, तिथंच बसायचंय.

काल जावळीकरांचा मेसेज आण्णांना वाचून दाखवला. ऐकलं, काही बोलले नाहीत. मग ताटातला भात बाजूला सारून आमटीत बोट बुडवलं आणि ताटावर रेघ ओढली, ही नदी, हा ओढा, इथं जांभळीचं झाड आणि झाडाखाली डोह, ह्या बाजूला आमचं भाताचं खाचर. आई म्हणाली अहो जेवा आधी. मी फोटो काढून ठेवलाय ताटाचा. हे मला पन्नास वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्यांनी, आणि मी पण कधी विचारलं नव्हतं.

तर आता एप्रिलचं बघू की ऑक्टोबरचं? त्यांना ओढा दिसला पाहिजे असं मला वाटतंय.

जावळीकर
दिसायला पाहिजे असेल तर मेचा दुसरा आठवडा, तेव्हा पाणी बरंच खाली गेलेलं असतं. सगळंच उघडं पडेल असं नाही, ते त्या वर्षीच्या पाण्यावर आहे. पण बांध दिसतात, झाडांची खोडं दिसतात. खोडांत गळ अडकतो, म्हणून तंगूस जाड लावा आणि गळ जास्तीचे ठेवा. तापोळ्याला सुट्टीत स्पीड बोटींनी पाणी ढवळलेलं असतं, मंगळवार बुधवार धरून या आणि सोळशी नदीच्या अंगाला बसा, तिकडं जरा शांत. बामणोलीकडून येणार असाल तर सांगा. उताराचं म्हणाल तर आमच्याकडं दोन पोरं आहेत, खुर्चीवर बसवून खाली नेऊ आण्णांना. लाइफ जॅकेट मात्र काठावर बसतानापण घालायचं, ते ऐकायचे नाहीत तरी.

कृष्णाकाठ
मेचा दुसरा आठवडा, बुधवार. आण्णांनी आजच बांबूला तेल लावून उन्हात ठेवलाय. विचारतायत की डोहात तेव्हा वाम (सापासारखा लांब मासा) असायची, गांडूळ रात्रभर टाकून ठेवायचे, अजून मिळते का वाम तिकडं?