कर्ज फिटलं, आता कार्डांचं काय करायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, नावांऐवजी फ्लॅट नंबर)

बी-४०२: क्रेडिट कार्डांची थकबाकी आणि पर्सनल लोन दोन्ही फिटलं, तरी सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीचे गुण, खालीच दिसत असेल तर पुढे काय करावं? कार्डं तीन आहेत. तिन्ही एकदम बंद करून टाकू का?

ए-६०१: ताई, बंद करण्याआधी पुढची दोन बिलं येऊ द्या. बाकी मागून पुढे ओढलेली असते तेव्हा व्याज रोज चढतं. बिल ५ तारखेला निघालं आणि तुम्ही २० ला पैसे भरले, तर मधल्या दिवसांचं व्याज त्या बिलात नसतंच. ते पुढच्या बिलात येतं, वर १८ टक्के जीएसटी. सगळं फिटलं या समजुतीने ते बिल कुणी उघडत नाही. दोन-तीनशे रुपये राहून जातात, त्यावर लेट फी बसते आणि फिटलेलं खातं पुन्हा थकीत दिसायला लागतं.

सी-१०३: पण काका, अ‍ॅपवर बाकी शून्य दाखवतात की.

ए-६०१: बिलात न आलेलं व्याज अ‍ॅप दाखवेलच असं नाही. कस्टमर केअरला फोन करून सरळ विचारायचं, "आज खातं बंद करायचं तर एकूण किती भरावे लागतील?" कार्डावर एखादा ईएमआय चालू असेल तर तोही यात धरायला सांगा. तो मुदतीआधी फेडायला बहुतेक बँका वेगळं शुल्क लावतात.

बी-३०४: स्कोअरचा आकडा बाजूला ठेवा, पूर्ण रिपोर्ट काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही बघा, कारण एकीकडे खातं बंद दिसतं आणि दुसरीकडे तेच चालू असतं. स्वतःचा रिपोर्ट काढल्याने स्कोअर कमी होत नाही.
प्रत्येक खात्याच्या खाली तीन गोष्टी तपासा: शिल्लक रक्कम, थकीत रक्कम आणि स्थिती. फिटलेल्या लोनपुढे "क्लोज्ड" हवं. चालू ठेवलेल्या कार्डावर शून्य शिल्लक पुरे. खाली महिन्यांचा तक्ता असतो, त्यात "०००" म्हणजे वेळेवर भरलं, "०३०" म्हणजे ३० दिवस उशीर. तक्त्यात ३६ महिने दिसतात. खरा उशीर खोडता येत नाही, फक्त त्याच्या पुढे चांगले महिने जमवता येतात.

बी-४०२: आणि बँकेने थोडी रक्कम सोडून तडजोड केली असेल तर?

बी-३०४: मग तिथे "सेटल्ड" येतं. नवं कर्ज देणारा हा शब्द आधी शोधतो, आकडा नंतर. पैसे असतील तर बँकेला लेखी विचारा की सोडलेली रक्कम भरून खातं "क्लोज्ड" म्हणून कळवाल का. होकार लेखी आल्याशिवाय एक रुपया भरू नका. भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट (काही देणं बाकी नाही असा बँकेचा दाखला) घ्या, त्यावर खाते क्रमांक आहे ना ते तिथेच बघा. कर्ज वसुली एजन्सीची पावती म्हणजे नो ड्यूज नव्हे.

डी-२०२: ग्रुपवर एक जाहिरात आली होती, पाच हजारांत सिबिल क्लीन करून देतात म्हणे.

बी-३०४: कुणीही देत नाही. खरी नोंद पैसे देऊन जात नाही आणि चुकीची नोंद फुकटात दुरुस्त होते. रिपोर्ट कंपनीच्या साइटवर तक्रार टाका, नो ड्यूज जोडा, तसाच ईमेल बँकेलाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२४ पासूनचा नियम आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्या जाहिरातवाल्यांना पॅन आणि ओटीपी देणं म्हणजे नवी कटकट विकत घेणं. अ‍ॅडमिननी ती काढून टाकावी.

ए-५०१: माझं मत सरळ आहे. कात्री घ्या, तिन्ही कापा.

ए-६०१: नुसतं कापून खातं बंद होत नाही हो. वार्षिक फी लागत राहते आणि तीच थकीत होते. शिवाय हिशेब बघा. तीन कार्डांची मर्यादा १ लाख, ६० हजार आणि ४० हजार, महिन्याचा वापर ३० हजार. एकूण दोन लाखांवर तो १५ टक्के झाला. लाखाचं कार्ड बंद केलं की तोच वापर ३० टक्के. फक्त ४० हजारांचं ठेवलं तर ७५ टक्के! खर्च तेवढाच, पण रिपोर्टमध्ये माणूस ओढगस्तीत दिसतो. ३० टक्क्यांच्या आत राहावं असं सगळे सांगतात, नुकतं कर्ज फिटलेलं असताना मी तर १० च्या आसपास म्हणेन.

बी-३०४: काकांचा हिशेब बरोबर, पण ए-५०१ दादांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. हातात कार्ड असलं की खर्च होतोच अशी सवय असेल, तर बंद केलेलं बरं. दहा-वीस गुणांसाठी पुन्हा वर्षाला ४० टक्क्यांच्या व्याजात अडकू नये. मधला मार्ग असा: सगळ्यात जुनं, वार्षिक फी नसलेलं एक ठेवा. ऑनलाइन, परदेशी आणि एटीएम व्यवहार अ‍ॅपमधून बंद करा. बँकेने मर्यादा वाढवायची विचारणा केली तर नाही म्हणा, तुमच्या संमतीशिवाय ती वाढवता येत नाही.

सी-१०३: ठेवलेलं नुसतं पडून राहिलं तर चालेल?

ए-६०१: वर्षभर वापर नसेल तर बँक कळवते आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर कार्ड बंद करते. म्हणून एक छोटं बिल, मोबाइलचं वगैरे, त्यावर लावून ठेवा. ऑटो डेबिट लावताना "टोटल ड्यू", म्हणजे पूर्ण बिल, निवडा. बऱ्याच फॉर्मवर "मिनिमम ड्यू", म्हणजे बिलातली किमान रक्कम, हाही पर्याय असतो आणि घोळ तिथेच होतो: रिपोर्टमध्ये सगळं वेळेवर दिसतं, व्याज मात्र चढत राहतं. खात्यात पैसे नसतील तर डेबिट परत जातं, ते दोन दिवस आधी बघा. देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत थकबाकी कळवता येत नाही, पण त्या सवलतीवर विसंबू नका.

बी-४०२: मग बाकीची दोन बंद करताना?

ए-६०१: त्यांवर लावलेली ओटीटी, विमा वगैरेची वर्गणी आधी हलवा. पॉइंट वापरून टाका. मग ईमेलने अर्ज करा, फोनवर नको. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळतो. बंद झाल्याचं पत्र जपून ठेवा. दोन्ही एकाच महिन्यात बंद करू नका, आणि पुढे होम लोन काढायचं असेल तर ते मंजूर होईपर्यंत तसंच राहू द्या.

डी-२०२: स्कोअर पडलेला आहे म्हणून नवं कार्डच मिळत नसेल तर?

बी-३०४: एफडीवर मिळतं. ठेवीच्या ठरावीक टक्क्यांइतकी मर्यादा देतात. पण चार ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदते.

बी-४०२: रिपोर्ट कधी काढू? पैसे परवाच भरलेत.

बी-३०४: ताई, आत्ता नको, जुनंच दिसेल. २०२५ पासून बँकांना निदान पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, तरी एक महिना जाऊ द्या. काकांनी सांगितलेलं ते मधलं व्याजही तोवर बिलात येऊन जाईल.