'रब्बी', 'हज्जान', 'काजी' : नेमका कोणता शब्द?

प्रश्न : एका चरित्रलेखात 'काँग्रिगेशनल रब्बी' आले आहे. 'ज्यू पुजारी' लिहिले तर चालेल का?

उत्तर १ : नको, आणि 'पुरोहित' तर मुळीच नको. यहुद्यांत पुरोहित म्हणजे कोहेन. ते जन्माने ठरते. रब्बी विद्येने होतो. हिब्रूत अर्थ 'माझे गुरू'. (रब्बी हंगामाशी नाते नाही, तो अरबी 'रबी', म्हणजे वसंत.)

उत्तर २ : कामावरून पाहा. सामूहिक प्रार्थनेला रब्बी लागतच नाही. सनातनी परंपरेत तेरा वर्षांवरचे १० पुरुष जमले की मिनयान, म्हणजे प्रार्थनेची गणसंख्या, झाला. हज्जान प्रार्थना चालवतो. तोराच्या (यहुदी धर्मग्रंथाच्या) हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, त्यामुळे वाचणाऱ्याला उच्चार आणि चाल आधीच पाठ करावी लागते. अर्थ बदलेल अशी चूक झाली तर तिथेच थांबवून पुन्हा वाचायला लावतात; अक्षरच तुटलेले निघाले तर बहुधा दुसरी गुंडाळी काढतात.

रब्बीचे खरे काम निवाड्याचे. यहुदी नियमांत मांस आणि दूध एकत्र वर्ज्य. मांसाच्या पातेल्यात चुकून दूध सांडले, तर तो आधी 'किती?' विचारणार. पातेल्यातला ऐवज दुधाच्या साठपट असेल तर सामान्यतः अन्न चालते. असल्या नियमांची परीक्षा दिल्यावर मिळतो तो अधिकार म्हणजे समीखा. 'दीक्षा' म्हटले की संन्यास आठवतो. 'समीखा मिळाली' असेच लिहा.

उत्तर ३ : कोकणातल्या बेने इस्राएलांकडे (तिथल्या मराठीभाषक यहुद्यांकडे) पूर्वी धर्मकृत्ये काजी करत, पुढे सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) हज्जान आले. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग, शाआर हारहामीम, १७९६ चे. तेव्हा जुन्या मजकुरातल्या प्रत्येक धर्मप्रमुखाला 'रब्बी' करू नका. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, पण पेशाने ते मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे मुख्याध्यापक. त्यांच्यासाठी 'मुख्याध्यापक' हेच बरोबर.

प्रश्न : मग 'काँग्रिगेशनल'ला?

उत्तर २ : 'जमातीचे रब्बी'. 'मंडळी' ख्रिस्ती वाटते. नेमणूक जमातच करते, वरून बिशप पाठवत नाही. म्हणून 'रब्बीपदी नेमले' म्हणा, 'बदली झाली' नको. पुढे 'शिक्षक' असेल तर तोही ठेवा. शाळेतली किंवा यशिवातली (धर्मविद्यालयातली) नोकरी वेगळी असते.

उत्तर १ : स्त्रीसाठीही 'रब्बी'च, डॉक्टरसारखे. रेगिना योनास यांना जर्मनीत १९३५ मध्ये समीखा मिळाली. 'रब्बीण' लिहिले तर रब्बीची बायको वाटेल.