शब्दचर्चा: रस्त्याचं ‘रिसर्फेसिंग’ आणि टायरचं रबर

लातूरकर: कॅलिफोर्नियातल्या एका शहराच्या परिषदेचा ठराव मराठीत आणतोय, आमच्या नगरपालिकेतल्या सदस्यांना वाचायला द्यायचाय. विषय: जुन्या टायरचं रबर वापरून रस्त्यांचं रिसर्फेसिंग आणि त्यासाठी राज्याकडे ‘ग्रँट’. ‘पुनर्पृष्ठीकरण’ लिहिलं तर पहिल्या ओळीलाच चहा मागवतील. काय लिहू?

नांदेडकर: भूमिपूजनाच्या फलकावर ठरलेलं असतं बघा, ‘खडीकरण, मजबुतीकरण व डांबरीकरण करणे’. एका दमात येतात म्हणून तिन्ही एकच वाटतात. खडीकरण म्हणजे खडी पसरून दाबणं, मजबुतीकरण म्हणजे पाया सुधारणं, डांबरीकरण वरचा थर. तुमच्या ठरावात फक्त वरचा थर नवा होतोय, तेव्हा ‘पुनर्डांबरीकरण’. ‘मजबुतीकरण’ चुकूनही नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलला की वर कितीही भारी डांबर ओता, भेग येतेच.

परभणीकर: आमच्याकडचे गुत्तेदार ‘कार्पेट मारलं’ म्हणतात. बोलण्यात ठीक.

लातूरकर: बरं. आणि ‘क्रम्ब रबर’? भुकटी, भुगा, का चुरा?

नांदेडकर: चुरा. भुकटी म्हटलं की मऊ पूड वाटते. हे दाणेदार असतं, टायरातली तार अन् धागे काढून दळलेलं. ‘रबरी रस्ता’ तर अजिबात नको, लोकांना बालोद्यानातली फरशी वाटेल. गरम डांबरात चुरा घोळवला की तो फुगतो, डांबर दाट आणि लवचिक होतं. अमेरिकी मानकात वजनाने किमान १५ टक्के रबर लागतं. फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत रुळवली. आपल्या निविदांतलं ‘सीआरएमबी’, म्हणजे ‘क्रम्ब रबर मॉडिफाइड बिटुमेन’, त्याच कुळातलं. म्हणून ‘रबरमिश्रित डांबर’.

बीडकर: डांबर मुळात कोळशापासूनचं, डांबरगोळ्या त्यातल्याच. रस्त्यावरचं खनिज तेलापासून येतं, ते बिटुमेन. शुद्ध लिहायचं तर…

नांदेडकर: शुद्ध लिहून वाचणार कोण, ताई? सार्वजनिक बांधकाम विभागच डांबर म्हणतो.

जालनेकर: खरी अडचण ‘अनुदान’ शब्दात आहे. आपल्याकडे अनुदान म्हणजे अतिवृष्टीचे पैसे, ठिबकची सबसिडी, नाहीतर विनाअनुदानित शाळा. तिथे नवा टायर घेताना गिऱ्हाईक १.७५ डॉलर शुल्क भरतं. त्यातला काही भाग कॅलरिसायकल या राज्याच्या विभागाकडे जातो आणि तिथून शहरांना पैसे मिळतात. तेही आगाऊ नाही. आधी रस्ता करा, रबरमिश्रित डांबराचा माल किती टन लागला त्याची बिलं द्या, मग टनामागे रक्कम. नुसतं ‘अनुदान’ वाचून सदस्य विचारतील, चेक कधी येणार? निदान पहिल्यांदा ‘प्रतिपूर्ती अनुदान’ लिहा. शाळावाल्यांना शुल्क प्रतिपूर्ती चांगली ठाऊक आहे, ती किती रखडते हेही. ‘निधी’ शब्द टायर शुल्काच्या साठ्याला राखून ठेवा.

लातूरकर: मग विषय असा: ‘रबरमिश्रित डांबराने रस्त्यांच्या पुनर्डांबरीकरणासाठी प्रतिपूर्ती अनुदानाची मागणी’.

परभणीकर: ‘मागणी’ नाही, ‘अर्ज करण्यास मान्यता’. ठरावाने परिषद स्वतः पैसे मागत नाही, अधिकाऱ्याला अर्ज करायची मुभा देते. शिवाय डांबर दोनदा येतंय की ओ.

लातूरकर: ‘रस्त्यांवर रबरमिश्रित डांबराचा नवा थर देण्याकरिता’?

परभणीकर: हां, हे आमच्या गुत्तेदारालाही कळेल.