मदत हवी आहे: मॉलिक्युलर आयन (न तुटलेल्या अख्ख्या रेणूचा) १५५ वर येतोय, मशीन एक अंक मागे आहे का?

रावपुरा_रसायन

नमस्कार. बडोद्यात एमएस्सी करतेय, ऑरगॅनिक. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एकेक पुडी दिलीय, आत काय आहे ते ओळखून दाखवायचं. माझी पूड पांढरी, चकचकीत, १७४–१७६ ला वितळते. तांब्याच्या तारेवर ज्योत हिरवी झाली, म्हणजे हॅलोजन आहे. लॅबमधलं सोडियम संपलंय, त्यामुळे लॅसेन टेस्ट (नायट्रोजन, हॅलोजन ओळखायची) राहिली.

मास स्पेक्ट्रमची, म्हणजे रेणू आणि त्याच्या तुकड्यांच्या वजनांची, प्रिंट (ईआय, ७० ईव्ही) अशी: १५५, आणि त्याच्या साधारण एक तृतीयांश उंचीचं १५७. मधे १५६ ला चिमुकली रेघ. सगळ्यात उंच १३९, सोबत १४१. मग १११–११३, एकटं ७५, ५०. तळाला १८, २८, ३२, ४४.

आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) मी स्वतः घेतलं, केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) मध्ये पूड मिसळून पेलेट करून. ३६०० पासून ३१०० पर्यंत भला मोठा फुगवटा, त्यावर ३३७० आणि ३१८० पाशी दोन शिंगं. १६६० ला जोरदार पट्टा, १६२० कडे त्याला खांदा. पुढे १०९० आणि ८४५. २३५० ला बारीकशी जुळी टोकंही आहेत, ती कुठून आली देव जाणे.

माझं उत्तर आहे पॅरा-क्लोरोबेंझॉइक ॲसिड. पुस्तकात त्याचे १३९, १११, ७५ तस्सेच दिलेत. ओएचचा फुगवटा आहे, कार्बोनिल आहे. फक्त त्याचं वजन १५६ हवं. मैत्रीण म्हणते मशीन एक अंक मागे असणार. पण मग १५५ वरून १३९ म्हणजे १६ गेले. ऑक्सिजन असा सुटा निघून जातो का? वितळणबिंदूही २४० च्या आसपास हवा होता, तो मी अशुद्धीच्या नावावर टाकला. बायकार्बोनेटमध्ये ॲसिडाला येतात तसे बुडबुडे आले नाहीत, पण पूड नीट विरघळलीच नव्हती म्हणून ते धरलं नाही.

शुक्रवारी व्हायव्हा आहे. प्लीज कुणीतरी सांगा.

नंदेसरीचा_म्हातारा

पोरी, मशीनला नाव ठेवण्याआधी त्याच कागदाचा तळ बघ. १८ पाणी, २८ हवेतला नायट्रोजन, ३२ ऑक्सिजन. तिघं आपापल्या जागी बसलेत. मग वरचं १५५ एकटंच कसं घसरेल?

१५५ विषम आहे, तिथेच थांबायला हवं होतंस. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हॅलोजन यांचा कसाही मेळ घाल, मॉलिक्युलर आयन समच येतो. विषम आला की नायट्रोजन शोधायचा, एक किंवा तीन. १५६ ची रेघ म्हणजे कार्बन-१३ (कार्बनचा एकने जड भाऊ), तिला ॲसिड समजू नकोस.

आता ते १६. सुटा ऑक्सिजन जातो, नाही असं नाही, नायट्रो किंवा एन-ऑक्साइड असेल तर. पण नायट्रोजनचे १४ आणि दोन हायड्रोजन मिळूनही १६ च होतात. ॲसिडातून ओएच जातो तो १७ चा, १५६ वजा १७ पुन्हा १३९. दोन्ही वाटा क्लोरोबेंझॉइलपाशीच येऊन मिळतात. तिथून सीओचे २८ गेले की १११, त्यातून एचसीएलचे ३६ गेले की ७५. दोनने पुढचा तो एक तृतीयांश जोडीदार क्लोरीनच्या जड भावाचा; क्लोरीन गेलं म्हणून ७५ ला जोडीदार नाही. पुस्तकाशी तुझं खालचं सगळं जुळलं ते यामुळे. फरक फक्त वरच्या मजल्यावर होता, आणि तोच तू मशीनच्या माथी मारलास.

पॅरा-क्लोरोबेंझामाइड. सात कार्बन, सहा हायड्रोजन, एकेक क्लोरीन, नायट्रोजन, ऑक्सिजन. बेरीज करून बघ.

तो फुगवटा पाण्याचा. विश्वामित्रीला पूर आला की बडोद्यात केबीआरलाही येतो. पाण्याचा पट्टा १६४० च्या आसपासही येतो, तुझ्या खांद्यात त्याचाही वाटा असेल. खरी गोष्ट त्या दोन शिंगांत आहे, ती एनएच२ ची. ॲसिडाचा ओएच असा ३१०० ला थांबत नाही, २५०० पर्यंत पसरत जातो आणि सीएचच्या रेघा पोटात घेतो. केबीआर ११० ला रात्रभर ओव्हनमध्ये ठेव, डेसिकेटरमध्ये गार कर, दिव्याखाली वाटून घे. दोनशे मिलिग्रॅमला दीड-दोन मिलिग्रॅम पूड पुरे. आधी नुसत्या केबीआरचं कोरं पेलेट चालव.

आणि अशुद्धीचं म्हणशील, तर अशुद्ध पदार्थ थोडा लवकर आणि रेंगाळत वितळतो. पासष्ट अंश खाली येऊन दोन अंशांत नेमका वितळत नाही.

इंदूरी_शिशी

काकांशी सहमत. २३५० ची जुळी टोकं म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड, त्यात तुमचा स्वतःचा श्वासही आला. म्हणूनच मासमधलं ४४ बघून ‘सीओएनएच२ (अमाइडचा तुकडा) मिळाला’ असं लिहू नका. तो तिथे असेलही, पण कार्बन डायऑक्साइडही ४४ च.

एक मात्र बघा, क्लोरीन पॅरालाच (वलयात समोरासमोर; शेजारी तो ऑर्थो, एक सोडून तो मेटा) आहे हे या मासवरून सांगता येणार नाही. ८४५ पॅराकडे बोट दाखवतं, ऑर्थो असतं तर पट्टा ७५० च्या बाजूला पाहिला असता. पण व्हायव्हात तेवढ्यावर भागत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळा, अमाइडमधून अमोनिया सुटेल, वाफेवर ओला लाल लिटमस धरा. मग ॲसिड घालून साका काढा, धुऊन वाळवा आणि वितळवा. ऑर्थो ॲसिड १४० च्या आसपास, मेटा १५८, पॅरा २४०. कुणी वाद घालणार नाही.

रावपुरा_रसायन

केलं! नाक असं झोंबलं की लिटमसची गरजच नव्हती, तरी धरला, निळा झाला. साका २३८–२४० ला वितळला. म्हणजे माझं ॲसिड शेवटी निघालं, पण पुडीत नव्हतं, मीच बनवलं 😄

वाळवलेल्या केबीआरवर फुगवटा जवळजवळ गेला, शिंगं स्वच्छ उभी आहेत. काका, पहिला आयआर जर्नलमध्ये लावू की फाडून टाकू?

नंदेसरीचा_म्हातारा

दोन्ही लाव. पहिल्याखाली तारीख घाल आणि ‘ओलं केबीआर’ असं लिही. सेव-उसळ कधी?