चहा स्वस्त झाला होता म्हणे, मग बोस्टनवाल्यांनी समुद्रात का ओतला?

उदगीरचा_पोरगा

नमस्कार मंडळी, राज्यसेवेचा अभ्यास करायलोय. पेपर लेखी झाल्यापासून जगाचा इतिहास बी वाचावा लागायलाय आन अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर गाडी अडकलीय. क्लासच्या नोट्समधे सरळ लिहिलंय की इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, चहा महागला, लोक चिडले आन १७७३ ला बोस्टनच्या बंदरात चहा फेकला. पण लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात दिलंय की त्या वर्षीच्या कायद्यानं चहा उलट स्वस्त होणार होता, कर वाढवलाच नव्हता! ह्याच्यावरून अभ्यासिकेत रात्री जोरात वाद झाला, एक जण म्हणतोय पुस्तकात छपाईची चूक हाय, दुसरा म्हणतोय अमेरिकन लोकच येडे. स्वस्त माल दारात आल्यावर कुणी फेकून देतंय का राव? आन नुस्त्या चहावरून आठ वर्षं लढाई कशी काय चालली हे बी समजंना. पंधरा मार्काला आला तर काय लिहू ते सांगा कुणीतरी.

जुने_मास्तर_परभणी

पुस्तक बरोबर आहे बाळा, नोट्स चुकल्यात. आणि ही चूक फार ठिकाणी सापडते, त्यामुळं तुझ्या क्लासवाल्यांना एकट्यांना दोष देऊ नकोस.

चहावरचा कर जुनाच होता, पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्स, १७६७ च्या टाउनशेंड कायद्यातला. तेव्हा काच, शिसं, रंग, कागद आणि चहा अशा पाच वस्तूंवर कर बसवला होता. वसाहतींनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार टाकला, लंडनचे व्यापारी रडायला लागले, म्हणून १७७० मध्ये बाकी चारी कर काढले आणि चहाचा तेवढा ठेवला. तोही काढावा का, यावर त्याच्या आदल्या वर्षी मंत्रिमंडळात मतं घेतली होती, पाच विरुद्ध चार, म्हणजे एका मतानं तो कर वाचला. त्यातून फार पैसा येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सगळे कर काढले तर कर लावायचा हक्कच सोडल्यासारखं दिसेल, ही खरी भीती.

आता १७७३. हे वर्ष तुला पाठ असणारच, रेग्युलेटिंग ॲक्ट. पॉलिटीच्या पुस्तकाचं पहिलं पान. पण तो कायदा आणि चहाचा कायदा एकाच आजारावरची दोन औषधं आहेत हे पोरांना कुणी सांगतच नाही. ईस्ट इंडिया कंपनी बुडायला आली होती. १७७० च्या दुष्काळात बंगाल उजाड झाला, लष्कराचा खर्च वाढलेला, त्यात १७७२ मध्ये लंडनच्या बँका कोसळल्या आणि गोदामात दीड कोटी पौंडांहून (वजनाचे पौंड) जास्त चहा पडून होता. मग पार्लमेंटनं कंपनीला १४ लाख पौंड कर्ज दिलं, त्या बदल्यात रेग्युलेटिंग ॲक्ट लावून कारभारावर लगाम घातला, आणि पडून असलेला चहा खपावा म्हणून अमेरिकेत थेट न्यायची परवानगी दिली, वर इंग्लंडमधली जकात परत. त्यामुळं चहा स्वस्त. तीन पेन्स मात्र तसेच राहिले.

आता मुख्य गोष्ट, वहीत लिहून घे. त्या तीन पेन्समधून जो पैसा जमायचा त्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे असं ठरलं होतं. त्याआधी मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरचा पगार तिथल्या लोकांनी निवडलेली सभा मंजूर करायची, दरवर्षी. गव्हर्नर फारच उलटा वागला तर सभा पगाराला हात आखडता घ्यायची. सभेच्या हातात तेवढाच एक चाबूक होता. १७७२ पासून तिथल्या गव्हर्नरचा पगार थेट राजाकडून सुरू झाला, न्यायाधीशांचाही तसाच करायचा घाट घातला. म्हणजे लोक जेवढा चहा पितील तेवढा साहेब त्यांच्या हातातून सुटणार. चहा कितीला मिळतो यावर भांडण नव्हतंच, तिजोरीची किल्ली कुणाकडं राहणार यावर होतं.

मोंढा_नांदेड

मास्तरांनी वरची बाजू सांगितली, मी खालची सांगतो. आपण आडत लाईनचे माणसं, आपल्याला ह्याच्यातला धंदा लगेच दिसतो.

आधी काय होतं, कंपनी लंडनमधे लिलाव करायची, तिथले व्यापारी घ्यायचे, ते अमेरिकेतल्या व्यापाऱ्याला पाठवायचे, मग दुकानदार. आन ह्याच्या बाजूनं चोरटा माल, डच लोकांचा चहा, तो बिनकराचा, स्वस्त, न्यूयॉर्क फिलाडेल्फियाकडं तर बहुतेक लोक तोच प्यायचे. नव्या कायद्यानं कंपनीनं प्रत्येक बंदरात मोजके एजंट नेमले, माल डायरेक्ट त्यांच्याकडं. उद्या एखाद्या मोठ्या कंपनीनं ठरवलं की आख्ख्या मोंढ्यात आमचा माल फक्त ह्या दोघा तिघांकडंच मिळणार, बाकीच्यांनी शटर खाली करा, तर मोंढा गप बसेल का? तसंच झालं तिथं. बरं एजंट कोण, तर बोस्टनमधे गव्हर्नर हचिन्सनची दोन सख्खी पोरं! बापाचा पगार चहाच्या करातून आन चहाची एजन्सी पोरांकडं. आता बोला.

म्हणून इमानदारीनं धंदा करणारा बी चिडला आन चोरटा माल आणणारा बी चिडला, दोघं एका बाजूला आले. आज चहा, उद्या कंपनी मसाले रेशीम कापड सगळंच असं विकायला लागली तर, ही भीती होती. ती काय उगाच नव्हती, बंगालमधे कंपनीनं काय केलं ते तिकडच्या लोकांच्या कानावर गेलतं. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन नावाच्या वकिलानं त्याच वर्षी ते लिहून छापलं होतं की आशियात ह्यांनी जे केलं ते आता इथं करायला निघालेत.

बीडची_वाचक

मोंढावाले भाऊ, पटलं, पण व्यापाऱ्यांना लगेच हुतात्मे करू नका वो 😄 जॉन हॅनकॉक, ज्याची सही स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यात मोठी आहे, त्याचं 'लिबर्टी' नावाचं जहाज १७६८ मध्ये दारूची जकात बुडवल्याच्या आरोपावरून जप्त झालं होतं. १७६४ चा साखर कायदा बघा, परदेशी मळीवरचा कर गॅलनला सहा पेन्सचा तीन पेन्स केला, म्हणजे निम्मा, आणि तरी बोंब झाली. का, तर सहा पेन्स कुणी देतच नव्हतं, जकातवाल्याचा हात ओला केला की काम व्हायचं आणि ती मळी बोस्टनकडच्या रमच्या भट्ट्यांना जायची. तीन पेन्स मात्र खरोखर वसूल करायचं ठरलं. म्हणजे कर कमी करूनही भडका उडणं हे चहाच्या नऊ वर्षं आधीच घडलेलं होतं, उत्तरात हे उदाहरण टाकलंस तर तपासणारा खूष होईल.

इंग्लंडची बाजू पण एक ओळ लिही. सात वर्षांचं युद्ध १७६३ ला संपलं तेव्हा त्यांच्यावरचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं, आणि ते म्हणत होते की तुमच्याच सरहद्दीवर फ्रेंचांशी लढलो, थोडा वाटा तुम्हीही उचला. "आमचा प्रतिनिधी नाही तर कर नाही" याला त्यांचं उत्तर होतं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचा तरी स्वतःचा खासदार कुठं आहे, पार्लमेंट सगळ्यांचंच. उत्तर लंगडं आहे, पण होतं.

आणि स्वातंत्र्य कुणाचं हाही प्रश्न आहेच. "सर्व माणसं समान" लिहिणारे जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक. व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर यानं नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोर मालकांचे गुलाम आमच्याकडून लढायला आले तर मोकळे, तेव्हा तिथल्या जमीनदारांची झोप उडाली. कितीतरी गुलाम इंग्रजांच्या बाजूला पळाले, कारण त्यांच्यासाठी सुटका तिकडं होती. आपल्या पुस्तकात ह्यावर अवाक्षर नसतं.

उदगीरचा_पोरगा

बाप रे, रेग्युलेटिंग ॲक्ट आन बोस्टन टी पार्टी एकाच वर्षाचे हे दोन्ही पाठ असून कधी जोडलंच नव्हतं. पण एक शंका राहिलीच. नव्हता घ्यायचा चहा तर नसता घेतला, पडू द्यायचा जहाजावर. फेकायची काय गरज होती? आन तिथून युद्धापर्यंत कसं गेलं?

जुने_मास्तर_परभणी

शंका रास्त आहे. उत्तर जकातीच्या नियमात आहे. जहाज बंदरात शिरलं की वीस दिवसांत कर भरायचा, नाहीतर जकातवाले माल जप्त करणार, मग तो लिलावात विकून कर वसूल. म्हणजे नुसतं 'घेणार नाही' म्हणून भागत नव्हतं. डार्टमथ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं, मुदत संपणार १७ डिसेंबरला. फिलाडेल्फियातून जहाज परत पाठवलं, न्यूयॉर्कमधूनही पुढं तसंच झालं. चार्ल्स्टनमध्ये चहा जकातवाल्यांनी कोठारात टाकला, तो पुढं युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या बंडवाल्यांनीच विकून पैसा केला, ही गंमत वेगळीच. बोस्टनमध्ये मात्र हचिन्सन अडून बसला, कर भरल्याशिवाय जहाज बंदराबाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणून.

१६ डिसेंबरला ओल्ड साउथ प्रार्थनागृहात हजारो लोक जमले होते, बाहेर पाऊस आणि थंडी. जहाजाचा मालक रॉच, बिचारा मधल्या मधे पिचलेला, त्याला शेवटचं गव्हर्नरकडं पाठवलं. तो अंधार पडल्यावर परत आला, परवाना नाही. मग मोहॉक आदिवासींसारखी तोंडं रंगवून माणसं धक्क्यावर गेली. तीन जहाजं, ३४२ पेट्या, कुऱ्हाडींनी फोडून चहा पाण्यात, तीनेक तास. ओहोटी होती त्यामुळं चहा वाहून जाईना, जहाजाच्या कडेला ढीग साचायला लागले, ते ढकलावे लागले. आणि शिस्त बघ, दुसऱ्या कशाला हात नाही. एकानं कोटाच्या अस्तरात चहा कोंबला तर त्याला धरून, कोट फाडून हाकलून दिलं. चोर म्हणून नाव जायला नको होतं ना.

आता युद्धाचं. चहा फेकल्यामुळं युद्ध झालं असं लिहू नकोस, त्यावर दिलेल्या शिक्षेमुळं झालं असं लिही. १७७४ मध्ये पार्लमेंटनं बोस्टनचं बंदरच बंद केलं, नुकसान भरून देईपर्यंत. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली, सल्लागार मंडळ राजा नेमणार, गावसभा परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. दोषी शंभर दीडशे, शिक्षा आख्ख्या प्रांताला. तोवर बाकीच्या वसाहतींत बोस्टनवाल्यांना जरा आगाऊच समजायचे, चहाची नासधूस पुष्कळांना आवडलेली नव्हती. पण हे कायदे बघून त्यांना कळलं की आज ह्यांची सनद गेली, उद्या आपली. कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या, दक्षिण कॅरोलिनाहून तांदूळ, आणि सप्टेंबर १७७४ मध्ये तेरापैकी बारा वसाहतींचे लोक फिलाडेल्फियाला एकत्र बसले, जॉर्जिया तेवढी आली नाही. १९ एप्रिल १७७५ ला इंग्रज फौज काँकॉर्डचा दारूगोळा जप्त करायला निघाली, वाटेत लेक्सिंग्टनला पहिली गोळी झाडली गेली. कुणी झाडली ते आजपर्यंत ठरलेलं नाही. तरीही पूर्ण स्वातंत्र्य मागायला अजून सव्वा वर्ष गेलं, ४ जुलै १७७६.

जालन्याचा_भटक्या

उशिरा आलो. एक आपल्याकडची बाजू टाकतो, हे युद्ध फक्त अमेरिकेत चाललं असं समजू नका. ऑक्टोबर १७७७ ला साराटोगाला इंग्रजांची एक आख्खी फौज शरण आली, मग फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सनं अमेरिकेशी तह केला, पुढच्या वर्षी स्पेन उतरला, आणि भांडण जगभर पसरलं. त्याच सुमाराला पुण्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस नाना फडणवीसांकडे येऊन बसलेला, त्यामुळं मुंबई कलकत्त्याच्या इंग्रजांच्या पोटात गोळा. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी त्यांना नाक घासायला लावलं, १७८० मध्ये हैदरअलीनं पोल्लिलूरला धुतलं. इंग्रजांना सगळीकडं एकदम पुरे पडायचं होतं, त्यामुळं अमेरिकेत जास्तीचं आरमार पाठवणं जड गेलं. माझ्या मते निकाल आरमारानंच लावला. १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस समुद्राला पाठ लावून बसला होता, आपली जहाजं येतील म्हणून. आधी फ्रेंचांची आली. ५ सप्टेंबरला फ्रेंच आरमारानं इंग्रज जहाजांना खाडीच्या तोंडावरून परत पाठवलं, जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच फौज, १९ ऑक्टोबरला खेळ खलास. शरणागतीच्या कार्यक्रमाला साहेब आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, हाताखालच्या अधिकाऱ्याला तलवार घेऊन पाठवलं.

उदगीरचा_पोरगा

कॉर्नवॉलिस म्हणजे आपला कायमधाऱ्यावाला, बंगालचा शेतसारा कायमचा ठरवून देणारा? १७९३ चा? तोच का हा??

जालन्याचा_भटक्या

तोच. एवढा हरून बी नोकरी गेली नाही, १७८६ ला गव्हर्नर जनरल करून इकडंच पाठवला. आणि इकडं आल्यावर टिपूला १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला गुडघ्यावर आणला तेव्हा त्याच्या बाजूनं कोण होतं विचार, मराठे आणि आपला निजाम, दोघं बी. टिपूचा निम्मा मुलूख तिघांनी वाटून घेतला.

मोंढा_नांदेड

आन अकराच वर्षांनी त्याच कंपनीनं शिंदे भोसल्यांना आपल्या जालन्यातल्या असईला हरवलं, ते बी निजामाला बरोबर घेऊनच. पोरा, हे पंधरा मार्काच्या उत्तरात घुसवू नको मात्र, विषय भरकटंल. पगाराचा मुद्दा आन ते मळीचं उदाहरण दोन्ही टाक, शिक्षेचे कायदे नीट लिही, फ्रान्सला शेवटी चार ओळी दे.